जिंकलेल्याचा खर्च : सरकारी टेंडर, तक्रार आणि वकिलाची फी

आजचा विषय वसंत ऋतूला फारसा शोभणारा नाही, हे प्रारंभीच कबूल करतो. संध्याकाळच्या गार वाऱ्यात काव्य ऐकावे, इतिहास ऐकावा, एखाद्या प्रवाशाच्या आठवणी ऐकाव्यात. टेंडर आणि कोर्टखर्च यांचे गाऱ्हाणे ऐकावयास कोण आपखुशीने येणार? तरीही हा विषय मी निवडला, याचे कारण अगदी साधे आहे. आपल्या गावातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक कोण, असा विचार केला तर उत्तर येते, सरकार. शाळेची बाके, दवाखान्यातील खाटा, रस्त्याची खडी, पाण्याचे नळ, कचेऱ्यांतील कागद, हे सारे सरकार, जिल्हा परिषद किंवा नगरपालिका टेंडर काढून विकत घेते. पैसा आपला असतो. तो योग्य दराने खर्च होतो की नाही, हे पाहणारा माणूस मात्र बहुधा आपल्यापैकी कोणी नसतो. तो असतो हरलेला टेंडरवाला. त्याच्याच पोटाला चिमटा बसलेला असल्यामुळे कागदातील चूक त्याच्या लगेच ध्यानात येते. या माणसाने तक्रार केली, ती खरी ठरली, आणि तरीही त्याचे घर बुडाले, तर पुढच्या खेपेस तक्रार कोण करील? आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. ते शेवटपर्यंत आपल्याबरोबर चालेल. समजा, आपल्या गावच्या एका लाकूडकाम करणाऱ्या कारखानदाराने शाळांना बाके पुरविण्याचे टेंडर भरले. काम वीस लाखांचे. त्यात त्याला दीड लाख सुटतील असा त्याचा हिशेब. नमुन्याचे बाक तयार करणे, लाकडाच्या चाचणीचा दाखला आणणे, बयाणा रकमेसाठी बँकेत हेलपाटे घालणे, यांत पंधरा हजार गेले. त्याचा दर सर्वांत कमी होता. परंतु ‘चाचणीचा दाखला जोडलेला नाही’ असा शेरा मारून त्याचे टेंडर बाद करण्यात आले, आणि दोन लाखांनी चढा दर असलेल्या दुसऱ्याला काम मिळाले. दाखला तर जोडलेला होता! आता ही टेंडरे संगणकावर भरली जातात, त्यामुळे तो जोडल्याची नोंदही त्याच्यापाशी होती. गृहस्थ हायकोर्टात गेला. वकिलाची फी, टायपिंग, नकला, गाडीभाडे, मुंबईतला मुक्काम मिळून सव्वा लाख खर्च झाला. काही महिन्यांनी कोर्टाने सांगितले, तुझे म्हणणे खरे, तुला बाद करणे बेकायदेशीर होते. पण तोवर बाके शाळांत पोचली होती आणि मुले त्यांवर बसून पाढे म्हणत होती. ती बाके उचलून आणा, असे कोणता न्यायाधीश सांगेल? आमचा कारखानदार निकालाची नकल घेऊन घरी आला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आपण थट्टेने वापरतो. इथे तर कोंबडीही गेली.

या माणसाला काय परत मिळावयास हवे, याचा विचार करताना तीन रकमा निरनिराळ्या ठेवल्या पाहिजेत. पहिली, टेंडर तयार करण्याचे पंधरा हजार. दुसरी, तक्रार चालविण्याचा सव्वा लाख. तिसरी, बुडालेला नफा, दीड लाख. सामान्य बोलण्यात आपण या तिन्हींना ‘नुकसान’ म्हणतो. कायदा तसे म्हणत नाही. एका देशात पहिली मिळते, तिसरी मिळत नाही. दुसऱ्यात तिसरीही मिळते, पण दुसरीचा थोडाच अंश मिळतो. आज मुख्यतः दुसऱ्या रकमेविषयी बोलावयाचे आहे.

वकिलाचा खर्च कोणी सोसावा, याविषयी जगात दोन मोठ्या चाली आहेत. इंग्लंडची चाल अशी की हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा. तिचे मूळ फार जुने आहे. १२७८ च्या ग्लॉस्टरच्या कायद्यापर्यंत ते जाते. अमेरिकेने इंग्रजांचे कायदे पुष्कळ उचलले, पण ही चाल उचलली नाही. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १७९६ सालीच नुकसानभरपाईत वकिलाची फी धरण्याचे नाकारले, आणि १९७५ साली एका तेलनळाच्या खटल्यात पुन्हा बजावले की विधिमंडळाने कायदा करून मुभा दिल्यावाचून ज्याने त्याने आपापल्या वकिलाचे पैसे द्यावेत. आपण हिंदुस्थानात इंग्रजी चाल घेतली. दिवाणी कामाच्या संहितेचे पस्तिसावे कलम सांगते की खर्च निकालामागे जावा, आणि कोर्टाला तसे करावयाचे नसेल तर त्याची कारणे लेखी द्यावीत.

आता गंमत पाहा. या दोन चाली ध्यानात घेऊन कोणीही अंदाज बांधील की टेंडरची तक्रार जिंकणाऱ्याला खर्च हिंदुस्थानात मिळत असेल आणि अमेरिकेत मिळत नसेल. प्रत्यक्षात नेमके उलट घडले आहे.

अमेरिकेत १९२१ साली स्थापन झालेली सरकारी हिशेब तपासणारी एक कचेरी आहे. तिचे नाव पूर्वी ‘जनरल अकाउंटिंग ऑफिस’ होते, २००४ पासून ‘गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस’ झाले. ती तेथील काँग्रेसच्या वतीने काम करते. (काँग्रेस म्हणजे तिकडचे विधिमंडळ; आपल्याकडील पक्षाशी गल्लत नको.) आपण तिला हिशेबकचेरी म्हणू. टेंडरवाल्यांच्या तक्रारी ही कचेरी फार दिवसांपासून ऐकत असे. १९८४ साली सरकारी कंत्राटांतील स्पर्धेविषयी कायदा झाला आणि या कामाला पक्का पाया मिळाला. तक्रार साधारणपणे कारण कळल्यापासून दहा दिवसांत करावयाची. कचेरीने शंभर दिवसांत निकाल द्यावयाचा. तक्रार ठरलेल्या मुदतीत आली तर, तातडीची खास कारणे नसल्यास, काम तोवर थांबते. म्हणजे आमच्या कारखानदाराची गोष्ट तिथे घडती तर बाके शाळेत पोचण्यापूर्वीच निकाल लागण्याचा संभव होता. खर्चाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या वेगातच आहे, हे विसरू नये. खटला जितका लांबतो तितका मसाला वाढतो.

या हिशेबकचेरीचा निकाल म्हणजे हुकूम नव्हे. ती शिफारस असते. परंतु एखाद्या खात्याने शिफारस साठ दिवसांत पूर्णपणे अमलात आणली नाही तर त्याला तसे कळवावे लागते, आणि कचेरी ते विधिमंडळाच्या कानावर घालते. कोणत्या खात्याला आपले नाव अशा यादीत यावेसे वाटेल? म्हणून शिफारशी बहुधा पाळल्या जातात. तक्रार खरी ठरली तर कचेरी दोन रकमा देण्याची शिफारस करू शकते. एक, तक्रार दाखल करण्याचा आणि चालविण्याचा वाजवी खर्च, त्यात वकिलाची आणि तज्ज्ञाची फी धरून. दुसरी, टेंडर तयार करण्याचा खर्च. बुडालेला नफा मात्र मिळत नाही. यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. तो असा की, सरकारी खरेदीत खरी स्पर्धा व्हावी ही लोकांची गरज म्हणून कायद्याने मान्य केली आहे. ती गरज ज्याने स्वतःच्या खिशातून भागविली, त्याच्यावर त्या खर्चाचे ओझे राहू नये. तक्रारदाराला तिथे भांडखोर समजत नाहीत; लोकांच्या वतीने पहारा करणारा समजतात.

पण पैसे हातात पडावयाचे तर पहारेकऱ्याने वही नीट ठेवलेली असली पाहिजे. शिफारस मिळाल्यापासून साठ दिवसांच्या आत तक्रारदाराने खात्याकडे आपल्या खर्चाचा तपशीलवार हिशेब सादर करावा लागतो: कोणी, कोणत्या कामासाठी, किती तास घालविले, दर काय, आणि हे सारे खरे असल्याबद्दल सहीनिशी दाखला. मुदत चुकली तर हक्क गमावण्याची पाळी येते. रकमेवर खात्याशी एकमत झाले नाही तर मामला पुन्हा हिशेबकचेरीकडे जातो. मोठ्या कंपन्यांच्या वकिलांना ताशी दीडशे डॉलरांची मर्यादा आहे, महागाईप्रमाणे ती वाढवून मागता येते. लहान धंदेवाल्यांना ती मर्यादा नाही. फी वाजवी असली म्हणजे झाले. हा भेद मुद्दाम केलेला आहे. कंपनीतील नोकरांनी तक्रारीसाठी घालविलेला वेळही त्यांच्या प्रत्यक्ष पगाराच्या दराने मागता येतो, मात्र त्यावर नफा लावता येत नाही. आणि दहा मुद्दे मांडून एकाच मुद्द्यावर जिंकलेल्याचे काय? ते मुद्दे एकमेकांत गुंतलेले असतील तर सगळा खर्च साधारणपणे मिळतो. अगदी सुटे करता येण्याजोगे असतील तर हरलेल्या मुद्द्यांचा खर्च कापला जातो.

या पद्धतीतला खरा पेच पुढेच आहे. पुष्कळदा असे होते की तक्रार येताच खात्याचे अधिकारी कागद पुन्हा चाळतात, त्यांना घाम फुटतो, आणि निकाल लागण्यापूर्वीच ते आपण होऊन चूक सुधारतात. गेल्या काही वर्षांत तेथील निम्म्याच्या आसपास तक्रारदारांना या ना त्या स्वरूपात दाद मिळालेली आहे, आणि तीत अशा आपखुशीच्या दुरुस्तीचा वाटा मोठा आहे. पण मग निकालच उरत नाही. निकाल नाही तर जिंकला कोण? अशा वेळी खर्च हवा असेल तर तक्रारदाराने, प्रकरण बंद झाल्याचे कळल्यापासून पंधरा दिवसांत, दोन गोष्टी दाखवून द्याव्या लागतात: एक, तक्रार उघडउघड खरी होती; आणि दोन, खात्याने ती खरी दिसत असूनही विनाकारण दिरंगाई केली. खात्याला तक्रारीवर आपले म्हणणे मांडण्यासाठी तीस दिवस असतात. त्या मुदतीच्या आत दुरुस्ती झाली तर ती सामान्यतः वेळेवर झाली असे मानतात, आणि ज्याचा खर्च त्याच्याकडे राहतो.

हा नियम प्रथम वाचला तेव्हा मला अन्यायाचा वाटला. ज्याची बाजू इतकी खरी की खात्याने महिन्याच्या आत हात टेकले, त्यालाच पैसे नाहीत! अधिक विचार केल्यावर राग निवळला. पहिल्या महिन्यात वकिलाचा मीटर फारसा फिरलेला नसतो. शिवाय, लवकर चूक कबूल केली तर खात्याचे पैसे वाचतात, या आशेने अधिकारी लवकर कबूल करतो. चूक कबूल करण्याला बक्षीस देणारा नियम सरकारी कचेरीत दुर्मिळच म्हणावयाचा. तरीसुद्धा लहान माणसाला पहिल्या महिन्याचा खर्चही जड असतो, ही गोष्ट या नियमात बसत नाही, हेही खरे.

कॅनडाची रीत निराळी आहे. तेथे व्यापारविषयक एका केंद्रीय न्यायाधिकरणाकडे १९९४ पासून या तक्रारी जातात. त्याच्या मार्गदर्शिकेने खर्चाच्या तीन पायऱ्या केल्या आहेत: साध्या प्रकरणाला १,१५० डॉलर, मध्यम प्रकरणाला २,७५०, गुंतागुंतीच्या प्रकरणाला ४,७००. तासांचे हिशेब नाहीत, पावत्यांवर वाद नाहीत. टेंडर किती अवघड होते, तक्रार किती अवघड होती आणि कामकाज किती गुंतागुंतीचे झाले, हे पाहावयाचे आणि पायरी ठरवावयाची. सोय मोठी, पण वकिलाची खरी फी याच्या कितीतरी पट होऊ शकते. दुसरे असे की ही तलवार दुधारी आहे. तक्रारदार हरला तर त्याच पायऱ्यांप्रमाणे तो सरकारला खर्च देतो. उलट, तेथे बुडालेल्या नफ्याबद्दलही भरपाईची शिफारस होऊ शकते, जी अमेरिकेच्या हिशेबकचेरीत होत नाही. सरकारी खरेदीसंबंधी जो आंतरराष्ट्रीय करार जागतिक व्यापार संघटनेत आहे, त्याच्या २०१४ पासून अमलात असलेल्या मसुद्यानेही सभासद देशांना अशी सवलत दिली आहे की भरपाई टेंडर तयार करण्याच्या खर्चापुरती, किंवा तक्रारीच्या खर्चापुरती, किंवा या दोहोंपुरती मर्यादित ठेवावी. या करारात भारत सभासद नाही. २०१० पासून निरीक्षक म्हणून बसला आहे.

आता घरी परत येऊ. आपल्याकडे टेंडरविषयीचा मूळ सिद्धांत ज्या निकालात मांडला गेला, त्याचा जन्म मुंबईच्या विमानतळावर झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९७७ च्या जानेवारीत तेथे एक दुय्यम दर्जाचे उपाहारगृह आणि दोन अल्पोपाहाराची दुकाने चालविण्यासाठी टेंडर निघाले. किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला, दुसऱ्या वर्गाचा नोंदलेला हॉटेलवाला असावा, अशी अट होती. काम मात्र ज्यांना मिळाले ते कँटीन चालविणारे होते, अटीत बसणारे हॉटेलवाले नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७९ साली न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला की सरकारी संस्थेने स्वतः घातलेली अट तिने स्वतः पाळलीच पाहिजे. सरकारी काम देणे ही मर्जीची बाब नव्हे. आज देशातल्या असंख्य टेंडरच्या खटल्यांत हा निकाल वाचला जातो. आणि अर्जदाराचे काय झाले? त्याचा अर्ज फेटाळला गेला. त्याने स्वतः टेंडर भरले नव्हते, तो पाच महिने उशिरा आला होता, आणि तोवर दुसऱ्या पक्षाने जागेवर बराच खर्च केला होता. ही कारणे खोटी नव्हेत. पण सिद्धांत सगळ्या देशाला मिळाला आणि अर्जदाराच्या हाती काही लागले नाही, हे चित्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडे टेंडरची तक्रार बहुधा घटनेच्या २२६ व्या कलमाखाली हायकोर्टातील रिट अर्जाने चालते. दिवाणी संहितेची कार्यपद्धती अशा अर्जांना लागू नाही, असा खुलासा १९७६ साली संहितेतच घातला गेला. तेव्हा पस्तिसाव्या कलमाचा ‘खर्च निकालामागे’ हा नियम इथे हक्काने सांगता येत नाही. खर्च देणे न देणे न्यायाधीशांच्या विवेकावर राहते. आणि निकालपत्राच्या अखेरीस आपल्याला वारंवार एक छोटे वाक्य भेटते: ‘खर्चाबाबत हुकूम नाही.’ पंचवीस पाने वाचून आनंदलेला माझा कारखानदार या शेवटच्या ओळीशी येऊन ठेचकाळतो. असे का होते? माझ्या समजुतीप्रमाणे, सरकारचा पैसा लोकांचा आहे, तो एका व्यापाऱ्याच्या वकिलाला कशाला द्यावा, अशी एक भावना याच्या मुळाशी असावी. दुसरे, १९९४ च्या टाटा सेल्युलर खटल्यापासून कोर्टे टेंडरच्या बाबतीत हात आखडता ठेवतात. निर्णय कसा घेतला ते पाहतात, निर्णयाच्या जागी आपला निर्णय बसवीत नाहीत. मनात असा संकोच असता खर्चाचा बोजा सरकारवर टाकणे अवघड वाटते.

शिवाय नियमांतील दर जुने आणि तुटपुंजे असतात. दिल्ली हायकोर्टाने एका प्रकरणात खऱ्या खर्चाच्या आधारावर पंचेचाळीस लाखांवर रक्कम देवविली होती. तो मामला टेंडरचा नव्हता, पण मुद्दा हाच होता. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. नियमांत बसेल तेवढाच खर्च देता येतो, असे त्याने सांगितले, आणि त्याच दमात असेही म्हटले की हे नियम वास्तवाला धरून नाहीत, ते सुधारावेत. त्यावरून विधी आयोगाने २०१२ साली आपला २४० वा अहवाल खर्चाच्या विषयावर दिला. २०१५ च्या व्यापारी न्यायालयांच्या कायद्याने व्यापारी दाव्यांपुरते पस्तिसावे कलम नव्याने लिहिले: हरणाऱ्याने खर्च द्यावा हा साधारण नियम, आणि खर्चात वकिलाची फी धरावी. परंतु टेंडरवाला जातो रिट अर्ज घेऊन. ही नवी छत्री त्याच्या डोक्यावर येत नाही. २०१२ सालीच सरकारी खरेदीविषयी एक विधेयक लोकसभेत आले होते. ते मंजूर न होता २०१४ साली लोकसभेबरोबर विसर्जित झाले.

२०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने झारखंडमधील एका रस्त्याच्या प्रकरणात म्हटले की कोर्टांनी सार्वजनिक कामे थांबवू नयेत. टेंडर चुकीने नाकारले गेले असे वाटल्यास तक्रारदाराला भरपाई मागण्याची वाट दाखवावी. रस्ता थांबू नये हे मलाही मान्य आहे. पण भरपाई मागणे म्हणजे निराळा दावा, निराळी कोर्ट फी, पुन्हा वकील. पहिल्या खटल्याचा सव्वा लाख न मिळालेल्या माणसाला आपण दुसऱ्या खटल्याची वाट दाखवीत आहोत.

व्याख्यानानंतर श्रोत्यांकडून चिठ्ठ्या आल्या. त्यांपैकी दोहोंची उत्तरे इथे देतो.

एका कंत्राटदार गृहस्थांनी विचारले की मग माझ्यासारख्याने करावे काय? माझे उत्तर असे. टेंडर भरण्याच्या दिवसापासून खर्चाची वेगळी फाईल ठेवा. वकिलाकडून फीची पावती घ्या, ती मागावयास संकोच करू नका. टेंडर बाद झाल्याचे कळताच त्याच आठवड्यात खात्याला लेखी कारण विचारा. माहितीच्या अधिकाराखाली मूल्यमापनाचे तक्ते मागता येतात, फी दहा रुपये. पण उत्तराला तीस दिवस लागू शकतात, तेवढ्यावर विसंबून बसू नका, कारण दिरंगाई हीच आपल्याकडे अर्ज फेटाळण्याची सोपी सबब होते. अर्जात अखेरीस ‘खर्च देववावा’ एवढेच मोघम लिहून थांबू नका. टेंडर तयार करण्याचा खर्च आणि खटल्याचा खर्च असे दोन आकडे वेगवेगळे मागा, आणि युक्तिवाद संपण्यापूर्वी पावत्यांसह एक पानाचा हिशेब न्यायाधीशांपुढे ठेवा. समोर आकडाच नसेल तर न्यायाधीशांनी काय देववावे? एवढे करूनही रक्कम मिळेल अशी हमी मी देऊ शकत नाही.

दुसरी चिठ्ठी एका बाईंची होती, आणि ती अधिक मर्मावर बोट ठेवणारी होती: ‘सरकार खर्च देणार तो आमच्याच करातून ना? मग चूक अधिकाऱ्याची आणि दंड आम्हाला, असे का?’ बाईंचे म्हणणे खरे आहे. आमच्या उदाहरणात चढ्या दरामुळे दोन लाख आधीच गेले, त्यात खर्चाचे सव्वा लाख मिळविले तर आपण सव्वातीन लाखांना बुडालो. मात्र तक्रार वेळेवर ऐकली गेली असती तर दोन लाख वाचले असते आणि खर्चही थोडक्यात आटोपला असता; म्हणूनच मी वेगावर इतका जोर दिला. राहिला अधिकाऱ्याचा प्रश्न. १९९३ साली लखनौच्या विकास प्राधिकरणाने एका घर घेणाऱ्याचा छळ केल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दहा हजारांची भरपाई कायम ठेवली, आणि जबाबदार अधिकारी शोधून ती रक्कम त्यांच्याकडून वसूल करावी असे सांगितले. तो निकाल घराचा होता. टेंडरच्या अर्जातही तशी मागणी लिहिता येते. निष्काळजीपणा कोणाचा, हे दाखविणारा कागद मात्र अर्जाला जोडलेला असला पाहिजे.